पिन मोकळी आहे, पण तिच्यामागची लाईन मोकळी आहे का?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये दर वर्षी दोन-तीन नवी मुलं-मुली कामाला येतात. डिप्लोमा नाहीतर डिग्री नुकतीच झालेली असते. सी भाषा बरी असते आणि ब्रेडबोर्डवर एलसीडी, कीपॅड, सेन्सर सगळं चालवून झालेलं असतं. पहिला स्वतःचा बोर्ड काढायला बसवलं की सेन्सरच्या इंटरप्टची (चालू काम थांबवून प्रोसेसरला आपल्याकडं बघायला लावणाऱ्या सिग्नलची) तार ते स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या नकाशात) सगळ्यात जवळ दिसेल त्या पिनला जोडतात. का जोडली म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "सर, पिन मोकळीच होती की!"

पिन मोकळी होती हे खरंच. पण इंटरप्ट पिनवर थांबत नाही. पिनच्या मागे एक लाईन असते, म्हणजे चिपच्या आतला इंटरप्टचा रस्ता; लाईनच्या मागे वेक्टर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता; वेक्टरच्या मागे प्रायॉरिटी, म्हणजे आधी मान कुणाचा. या तिन्ही गोष्टी पिनांपेक्षा कितीतरी कमी असतात आणि एकमेकांत वाटून घेतलेल्या असतात. प्रोग्राममधली चूक संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. तांब्यात उतरलेली चूक दुरुस्त करायला नवा बोर्ड मागवावा लागतो. म्हणून हे काम स्कीमॅटिकच्या आधी करायचं, आणि ते कसं करायचं हे इथं सविस्तर लिहितोय.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. पंचगंगेवरून शेताला पाणी उचलणाऱ्या मोटरीचं पॅनेल. थ्री फेज लाईन कधी दिवसा येते, कधी रात्री, त्यामुळं मोटर आपोआप चालू-बंद व्हायला हवी. फेज गेली किंवा उलटी झाली तर मोटर जळता कामा नये. किती पाणी गेलं ते मोजायचंय आणि मोबाईलवर मेसेज पाठवायचाय. कंट्रोलर एसटीएम३२एफ१०३, ४८ पायांचा, म्हणजे ब्लू पिल नावाच्या तयार बोर्डावर असतो तोच.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

एक आडवा कागद घ्या आणि बोर्डात येणारा प्रत्येक सिग्नल एका ओळीत लिहा. प्रत्येकापुढं चार गोष्टी भरा: जास्तीत जास्त किती वेळा येईल, आल्यावर किती उशिरा दखल घेतली तर चालेल, सिग्नल किती वेळ टिकतो, आणि त्याला खाली-वर ओढतो कोण, म्हणजे उघडा स्विच, ओपन ड्रेन चिप (तार फक्त खाली ओढणारी) की पुश-पुल चिप (खाली ओढणारी आणि वरही ढकलणारी).

आमच्या पॅनेलचा कागद असा झाला. तीन फेजचे तीन ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारे भाग), प्रत्येकाचा दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स. फ्लो सेन्सर, सेकंदाला जास्तीत जास्त २०० पल्स. सप्लाय जाण्याची सूचना, क्वचितच येणारी, पण आली की लगेच दखल हवी. डीएस३२३१ घड्याळाचा अलार्म, दिवसातून दोन-चार वेळा, एक सेकंद उशीर झाला तरी हरकत नाही. जीएसएम मॉडेमची सिरियल लाईन आणि त्याची रिंग पिन. विहिरीतला फ्लोट स्विच. चार बटणं. करंट मोजायचे तीन सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर).

"किती उशीर चालेल" हा रकाना नवखे लोक रिकामा सोडतात. पुढचे सगळे निर्णय मात्र त्याच रकान्यावर होतात, म्हणून तो भरल्याशिवाय मी कागद परत घेत नाही.

कुणाला इंटरप्ट लागतच नाही ते ठरवा

बटणांना इंटरप्ट देऊ नका. बटण दाबताना त्याचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाला दहा-वीस इंटरप्ट येतात. दर ५ किंवा १० मिलिसेकंदांच्या टायमर टिकमध्ये बटण वाचा, सलग तीन-चार वेळा तेच दिसलं तरच खरं माना. माणसाला ४० मिलिसेकंदांचा उशीर जाणवतही नाही. फ्लोट स्विचही तसाच. विहिरीचं पाणी मिलिसेकंदात खाली जात नाही, आणि लाटेनं फ्लोट हलतो, त्यामुळं त्याला तर काही सेकंदांचं फिल्टर लावावं लागतं.

इमर्जन्सी स्टॉपचं बटण तर मायक्रोकंट्रोलरच्या भरवशावर ठेवायचंच नाही. ते थेट काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉईलच्या सर्किटमध्ये घ्या. कंट्रोलरला फक्त "बंद झालं" एवढं कळलं की पुरे. कितीही वरची प्रायॉरिटी दिली तरी हँग झालेला प्रोग्राम मोटर थांबवणार नाही.

ज्या पेरिफेरलला (चिपच्या आतल्या टायमर, सिरियल पोर्ट अशा भागाला) स्वतःचा इंटरप्ट आहे त्याच्यासाठी बाहेरची लाईन खर्चू नका. यूएआरटीला (सिरियल पोर्टला) स्वतःचा वेक्टर आहे, शिवाय डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारी सोय). सीटीचं वाचन एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आणि डीएमए आपापसात उरकतात. आणि जिथं पल्स मोजायचेत किंवा दोन पल्समधला वेळ हवाय तिथं टायमरकडं बघा. तीन फेजचे ऑप्टो आम्ही टायमर २ च्या पहिल्या तीन चॅनेलवर घेतले, म्हणजे पीए०, पीए१ आणि पीए२ (पोर्ट ए च्या ०, १ आणि २ नंबरच्या पिना). टायमर एक मायक्रोसेकंदाच्या टिकवर चालवला तर १६ बिटांत ६५ मिलिसेकंद मावतात, एका सायकलला पुरून उरतात. आर फेजनंतर ६.६७ मिलिसेकंदांनी वाय आला तर क्रम बरोबर, १३.३३ नं आला तर उलटा. वेळेची नोंद हार्डवेअर करतं, त्यामुळं आयएसआरला (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला) थोडा उशीर झाला तरी माप चुकत नाही.

(एक सावधगिरी इथंच सांगतो. चालू मोटरीची एक फेज तुटली तर मोटर स्वतःच त्या तुटलेल्या टोकावर व्होल्टेज तयार करते. नुसता ऑप्टो बघून "फेज आहे" असं वाटू शकतं. म्हणून तीन सीटी लागतातच.)

लेथला किंवा एसपीएमला (स्पेशल पर्पज मशीनला) एन्कोडर (फिरण्याचं माप पल्समध्ये देणारा सेन्सर) लावायचा असेल तर हा हिशेब आणखी महत्त्वाचा होतो. ६०० पल्सचा एन्कोडर ३००० आरपीएमनं फिरला तर सेकंदाला ३०,००० पल्स. दोन्ही चॅनेलच्या दोन्ही एज (पल्सचा चढ आणि उतार) धरल्या तर १,२०,०००. ७२ मेगाहर्ट्झवर दोन एजच्या मध्ये उरतात ६०० क्लॉक. एका आयएसआरला १०० क्लॉक धरले तरी प्रोसेसरचा सहावा हिस्सा नुसत्या मोजण्यात गेला. टायमरच्या एन्कोडर मोडवर, म्हणजे टायमर ३ असेल तर पीए६ आणि पीए७ वर, तेच काम प्रोसेसरला न विचारता होतं. पण त्या दोन पिना आधी राखून ठेवाव्या लागतात. नंतर आठवून उपयोग नाही.

एवढी चाळण लावल्यावर आमच्या कागदावर बाहेरच्या इंटरप्टसाठी चारच सिग्नल उरले: सप्लाय जाणं, फ्लो, घड्याळाचा अलार्म, मॉडेमची रिंग.

लाईन आणि वेक्टर: इथंच सगळे अडखळतात

या चिपमध्ये पिनांसाठी बाहेरच्या इंटरप्टच्या १६ लाईन आहेत, ० ते १५. लाईनचा नंबर पिनच्या नंबरावरून ठरतो. पीए८, पीबी८ आणि मोठ्या पॅकेजमध्ये पीसी८, सगळ्या लाईन ८ वरच येतात. एका वेळी त्यातलं एकच पोर्ट त्या लाईनला जोडता येतं, आणि कुठलं ते एक्सटीआयसीआर नावाच्या रजिस्टरमधले चार बिट ठरवतात.

आमच्या पॅनेलच्या पहिल्या रिव्हिजनमध्ये हीच चूक माझ्या हातून झाली. फ्लो सेन्सर पीए८ वर आणि घड्याळाचा अलार्म पीबी८ वर. लेआउटला सोयीचं होतं, दोन्ही तारा सरळ गेल्या होत्या. टेबलावर फ्लोचा टेस्ट प्रोग्राम चालला. घड्याळाचा टेस्ट प्रोग्रामही चालला. तीस बोर्ड भरून घेतले. मग करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पॅनेलमध्ये पूर्ण प्रोग्राम घातला आणि पाईपमधून पाणी धो-धो वाहतंय, पण मीटर शून्यावर. आधी सेन्सर बदलला, मग केबल. स्कोपवर पीए८ ला स्वच्छ चौकोनी पल्स दिसत होते. शेवटी रजिस्टर वाचलं तेव्हा कळलं. फ्लो सुरू करणारं फंक्शन आधी चालत होतं आणि त्या चार बिटांत पोर्ट ए लिहीत होतं. त्यानंतर घड्याळाचं फंक्शन चालून तिथंच पोर्ट बी लिहीत होतं. शेवटी लिहिणारा जिंकत होता. तीसही बोर्डांवर ब्लेडनं ट्रॅक कापला आणि एनॅमलची बारीक वायर ओढून अलार्म पीबी९ वर नेला. दोन दिवस त्यात गेले.

तेव्हापासून कागदावर ० ते १५ अशी सोळा घरं काढायची आणि एका घरात एकच नाव लिहायचं, हा आमच्याकडं नियम आहे. एक मात्र लक्षात ठेवा: घर भरतं ते पिन बाहेरचा इंटरप्ट म्हणून वापरली तरच. पीए० टायमरचं चॅनेल म्हणून वापरली तर लाईन ० मोकळीच राहते आणि ती पीबी० ला देता येते. आम्ही तसंच केलंय.

आता वेक्टर. लाईन ० ते ४ ला प्रत्येकी स्वतःचा वेक्टर आहे. ५ ते ९ मिळून एक, १० ते १५ मिळून एक. एका वेक्टरमध्ये राहणाऱ्यांची प्रायॉरिटी एकच असते, शिवाय आयएसआरमध्ये शिरल्यावर नेमकं कोण आलं ते पेंडिंग रजिस्टर (आलेल्या इंटरप्टची नोंद) बघून शोधावं लागतं. म्हणून पहिल्या पाच लाईन घाईच्या सिग्नलसाठी राखा. आमच्याकडं सप्लायची सूचना पीबी० वर म्हणजे लाईन ० वर, फ्लो पीबी१ वर म्हणजे लाईन १ वर. मॉडेमची रिंग पीबी५ वर आणि अलार्म पीबी९ वर. हे दोघं एकाच वेक्टरमध्ये आहेत, दोघांनाही घाई नाही, त्यामुळं एकत्र नांदतात.

एकत्र राहणाऱ्यांच्या पेंडिंग रजिस्टरची एक खोच आहे. तिथं बिट पुसायला १ लिहावा लागतो. नवखे सवयीनं "ऑर-इक्वल" (|=) वापरतात. त्यात रजिस्टर आधी वाचलं जातं, शेजाऱ्याचाही १ त्यात आलेला असतो, आणि तोही परत लिहिला जाऊन पुसला जातो. शेजाऱ्याचा इंटरप्ट आला होता याचा मागमूसही राहत नाही. तिथं थेट आपल्या एका बिटाची किंमत लिहायची, आणि तीही आयएसआरच्या सुरुवातीलाच, म्हणजे काम चालू असताना आलेली नवी एज हरवत नाही.

एज की लेव्हल

एसटीएम३२एफ१०३ च्या या लाईन फक्त एज ओळखतात, चढती, उतरती किंवा दोन्ही; लेव्हल, म्हणजे तार वर टिकून आहे की खाली, ओळखत नाहीत. एका लाईनवर एकच सिग्नल असेल तर काही अडत नाही. पण पिना वाचवायला दोन ओपन ड्रेन चिपांचे इंटरप्ट पाय एकत्र बांधून एका लाईनवर आणलेत असं समजा. पहिल्या चिपनं तार खाली ओढली, एज मिळाली, आयएसआर पहिल्या चिपचं काम करायला लागला. तेवढ्यात दुसऱ्या चिपनंही तीच तार खाली ओढली. आता पहिलीनं सोडली तरी दुसरीनं धरून ठेवलीय. तार वर जातच नाही, त्यामुळं नवी उतरती एजही येत नाही, आणि दोन्ही चिपा कायमच्या गप्प. असा बोर्ड चार-चार दिवस नीट चालतो आणि एका क्षणी थांबतो, म्हणून शोधायला फार त्रास होतो. सोय एकच: काम संपल्यावर पिन परत वाचायची, अजून खाली असेल तर दोन्ही चिपांना परत विचारायचं, आणि तार वर गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. हे करायची तयारी नसेल तर तारा एकत्र बांधू नका.

पुश-पुल आउटपुट तर एकत्र बांधायचेच नाहीत. एक वर ढकलतो, एक खाली ओढतो, मधे दोन्ही तापतात. एडीएक्सएल३४५ सारख्या सेन्सरचा इंटरप्ट पाय सुरुवातीला पुश-पुल आणि ॲक्टिव्ह हाय असतो, डीएस३२३१ चा ओपन ड्रेन आणि ॲक्टिव्ह लो. दोन्ही "इंटरप्ट"च म्हणवतात, पण वायरिंग वेगळं. डेटाशीटमधली ती एक ओळ वाचूनच चौथा रकाना भरायचा.

प्रायॉरिटी, आणि सप्लाय जाण्याची गोष्ट

या चिपमध्ये प्रायॉरिटीच्या १६ पायऱ्या आहेत आणि लहान नंबर म्हणजे वरचा मान. आम्ही ० फक्त सप्लायच्या सूचनेला देतो. फेज आणि फ्लो मधे, रिंग आणि अलार्म तळाला. फ्रीआरटॉस (छोट्या चिपांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर त्यात एक सीमा ठरवलेली असते, बऱ्याच प्रोजेक्टमध्ये ती ५ असते. त्याहून लहान नंबरच्या आयएसआरमधून आरटॉसचं एकही फंक्शन बोलवायचं नाही. सप्लायचा आयएसआर सीमेच्या वर आहे, म्हणून तो फक्त लोड बंद करतो आणि एक फ्लॅग उभा करतो.

सप्लायची सूचना कुठून घ्यायची यावर मी नेहमी थोडा जास्त वेळ घेतो. चिपमध्ये पीव्हीडी नावाची सोय आहे, पण ती ३.३ व्होल्टवर नजर ठेवते. ३.३ ढासळायला लागलं तोवर उशीर झालेला असतो. सूचना रेग्युलेटरच्या आधीच्या १२ व्होल्टवरून घ्या. तिथं १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल आणि कंट्रोलरचा भाग ५० मिलिअँपिअर घेत असेल, तर १२ वरून ७ व्होल्टपर्यंत उतरायला १०० मिलिसेकंद लागतात. ईईप्रॉमचं (सप्लाय गेला तरी आकडा जपणाऱ्या मेमरीचं) एक पान लिहायला ५ ते १० मिलिसेकंद, म्हणजे पाण्याचा आकडा जपून ठेवायला भरपूर वेळ आहे. मात्र त्याच कॅपॅसिटरवर जीएसएम मॉडेम असेल तर हा हिशेब कोलमडतो, कारण टूजी मॉडेम पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. मॉडेमचा कॅपॅसिटर डायोडनं वेगळा करा. इंटरप्टची लाईन निवडताना पॉवर सप्लायचं सर्किट बदलावं लागतं ते असं.

तार, रेझिस्टर आणि काँटॅक्टरचा धक्का

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, जिथं शेजारी इंडक्शन फर्नेस चालू असते, तिथं चिपच्या आतल्या पुल-अपवर (तार वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका. तो साधारण ४० किलोओहमचा असतो आणि लांब केबलवरची प्रत्येक ठिणगी आत येऊ देतो. बाहेरून ४.७ किंवा १० किलोओहमचा पुल-अप द्या, आणि तो ३.३ व्होल्टला. ५ व्होल्टला ओढायची सवय असेल तर जपून, पीए० ते पीए७, पीबी०, पीबी१ आणि पीबी५ या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत.

पॅनेलबाहेरून येणारी प्रत्येक तार ऑप्टोमधून घ्या. नंतर आरसी (रेझिस्टर-कॅपॅसिटर) फिल्टर, आणि त्याचा आकडा कागदावरच्या पहिल्या रकान्यावरून ठरवा. फ्लोचे २०० पल्स म्हणजे ५ मिलिसेकंदांचा पल्स, त्याला १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा ०.१ मिलिसेकंद आरामात चालतो. तोच कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा लावलात तर फिल्टर १० मिलिसेकंदांचा होतो आणि पल्सच गिळतो. लेआउटमध्ये ही तार रिलेच्या कॉईलपासून लांब ठेवा आणि प्रत्येक इंटरप्ट लाईनवर स्कोपचा प्रोब लागेल असा एक टेस्ट पॉइंट द्या.

दुसरी चिप असेल तर

कॉलेजात ८०५१ शिकला असाल तर तिथं बाहेरचे इंटरप्ट दोनच, पी३.२ आणि पी३.३, त्यामुळं निवडायला फार काही नाही. आर्डुइनो उनोच्या एटीमेगा३२८ मध्येही खरे दोनच, डिजिटल २ आणि ३. बाकी पिनांना पिन-चेंज इंटरप्ट आहे, पण तो तीन गटांत वाटलेला, दोन्ही एजना येणारा, आणि कुठली पिन बदलली ते तुम्हीच शोधायचं.

ईएसपी३२ मध्ये जवळजवळ कुठल्याही पिनला इंटरप्ट मिळतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. तिथं अडचणी वेगळ्या आहेत. जीपीआयओ ३४ ते ३९ ला आतला पुल-अप नाही, ओपन ड्रेन तार तिथं नुसती लोंबकळत राहते. जीपीआयओ १२ ला चालू होताना पुल-अपनं वर धरलंत तर फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं निवडलं जाऊन बोर्ड बूटच होत नाही. आपल्या एसटीएम३२ मध्ये पीए१३ आणि पीए१४ डीबगरसाठी सोडा, आणि पीबी२ ला हात लावू नका, ती बूटची पिन आहे.

गर्बर (बोर्ड बनवायच्या फाइल) पाठवण्याआधी

ब्लू पिल, फंक्शन जनरेटर आणि चार वायरी घेऊन नेमका तोच पिन-नकाशा टेबलावर उभा करा. सगळे इंटरप्ट एकाच प्रोग्राममध्ये चालू हवेत. एकेक तपासून मी तीस बोर्ड कापले होते. प्रत्येक आयएसआरमध्ये शिरताना एक पिन वर करा, बाहेर पडताना खाली, आणि स्कोपवर बघा कुणाला किती वेळ लागतोय. फ्लोच्या जागी २०० हर्ट्झ द्या, मग ४००, मग २०००, आणि दहा मिनिटांनी मोजलेला आकडा जनरेटरच्या हिशेबाशी ताडून बघा. हे चालू असताना १२ व्होल्टची वायर उपटा, परत लावा, आकडा तोच राहिला का बघा. किमान वीस वेळा करा.

सोळा घरांचा तो कागद मग स्कीमॅटिकच्या पहिल्या पानावर टेबल म्हणून टाका. उरलेल्या लाईनपैकी स्वतःचा वेक्टर असलेली एक तरी, आमच्याकडं पीबी३ ची लाईन ३, रिकाम्या पॅडवर बाहेर काढून ठेवा. पीबी३ सुरुवातीला जेटॅगची (डीबगिंगच्या जोडणीची) असते, ती प्रोग्राममधून सोडवून घ्यावी लागते, हेही त्याच टेबलात तिच्यापुढं लिहा.